आयजीई वाढलाय म्हणजे नक्की काय झालंय?

नमस्कार मंडळी. गेल्या अंकात दम्यावर लिहिताना मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं की आयजीई, म्हणजे ॲलर्जीमागची अँटिबॉडी (बाहेरच्या गोष्टींना पकडायला शरीर बनवतं ते प्रथिन), शोधणाऱ्या जपानी नवरा-बायकोने प्रयोगासाठी स्वतःच्याच पाठी वापरल्या. झालं, त्या एका वाक्यावर इतके मेल आले की उरलेला लेख कुणी वाचला की नाही याचीच शंका यावी, आणि निम्म्या मेलला ब्लड रिपोर्टचे फोटो जोडलेले. आधीच सांगते, मी इम्युनॉलॉजी शिकवते, पेशंट तपासत नाही. त्यामुळे औषध चालू-बंद करायचं ते तुमच्या डॉक्टरांना विचारूनच. बाकी गप्पा मारायला मी आहेच.

प्रश्न – ताई, माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. सकाळी उठल्या उठल्या शिंकांचा सपाटा, नाक कायम चोंदलेलं आणि थंडी पडली की रात्री छातीत घरघर. डॉक्टरांनी टेस्ट सांगितली त्यात टोटल आयजीई ६४० आलाय आणि शेजारी नॉर्मल १०० च्या आत असं छापलंय. सासूबाई म्हणतात याच्या रक्तातच ॲलर्जी आहे, आता दूध दही केळं भात सगळं बंद. बंद करून बघितलं पण घरघर आहे तशीच आहे. हा आयजीई म्हणजे नेमकं काय, आणि तुम्ही लिहिलंत त्या नवरा-बायकोने तो शोधला कसा? – एक आई, नाशिक

उत्तर – आधी पोराला केळं द्या हो. दूध-भातसुद्धा. एखादी गोष्ट खाल्ल्यावर तास-दोन तासांत अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, उलट्या झाल्या असं कधी झालं असेल तर तेवढा पदार्थ बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना सांगा, पण नुसता ६४० हा आकडा बघून ताटातलं काहीही काढायचं कारण नाही. टोटल आयजीई तुम्हाला कशाची ॲलर्जी आहे हे सांगतच नाही, ते त्याचं कामच नाही.

पण सासूबाईंवर एकदम उखडू नका, कारण ‘रक्तात ॲलर्जी’ हे म्हणणं तसं अगदीच हवेतलं नाहीये. १९२१ साली जर्मनीतल्या ब्रेस्लाऊला, म्हणजे आता पोलंडमध्ये आहे त्या व्रोत्सवाफला, प्राउसनिट्झ आणि क्यूस्टनर असे दोघे डॉक्टर होते. क्यूस्टनरला शिजवलेला मासा चालत नसे, खाल्ला की अंगभर पित्त उठायचं. प्राउसनिट्झला माशाचं काहीच वावडं नव्हतं. तर या गड्याने क्यूस्टनरच्या रक्तातलं थोडं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारं पाणी, स्वतःच्या पोटाच्या कातडीत टोचून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. थोड्याच वेळात तिथे लालभडक गांध उठली. म्हणजे ॲलर्जी करणारं जे काही आहे ते रक्तातून दुसऱ्याच्या कातडीत नेता येतं हे सिद्ध झालं. त्या ‘जे काही’ला रिएजिन म्हणायला लागले आणि पुढची ४५ वर्षं ते नेमकं काय आहे हे कुणाला सापडलं नाही.

सापडलं नाही याचं कारण साधं आहे, ते असतंच इतकं थोडं. तुमच्या मुलाचा ६४० घ्या, वाढलेला म्हणताय ना, तरी त्याचं वजन एक मिलिलिटर सीरममागे दीड मायक्रोग्रॅमच्या आसपास भरतं. त्याच मिलिलिटरमध्ये आयजीजी ही नेहमीची अँटिबॉडी साधारण दहा मिलिग्रॅम असते. हिशोब केला तर साडेसहा हजार पट जास्त. आणि हे वाढलेल्या आयजीईचं सांगतेय, नॉर्मल माणसात तर फरक आणखी मोठा. एवढ्या गर्दीतून हा चिमूटभर पदार्थ वेगळा काढायचा, तोही त्या काळच्या साधनांनी.

किमिशिगे आणि तेरुको इशिझाका हे जोडपं १९६२ मध्ये टोकियोहून अमेरिकेत डेन्व्हरला आलं, दम्याच्या मुलांसाठी असलेल्या एका संस्थेत. ही संस्था पण अजबच होती बरं का. तिथे दम्याने बेजार झालेली पोरं महिनोन्‌महिने आईबापांपासून लांब राहायची, कारण आईबापांमुळेच दमा बळावतो असा तेव्हाच्या काही डॉक्टरांचा ठाम समज होता, त्या उपायाला त्यांनी ‘पालकछाटणी’ म्हणावं असं शस्त्रक्रियेसारखं नावसुद्धा दिलेलं. पोरं तिथे खरंच बरी व्हायची म्हणे, आणि मला विचाराल तर त्यात आईबापांपेक्षा डेन्व्हरच्या १,६०० मीटर उंचीवरच्या कोरड्या हवेचा आणि घरच्या गादीतल्या धुळीपासून सुटका झाल्याचा हात जास्त असावा. पण दम्याचं खापर आईवर फोडायची सवय किती जुनी आहे बघा, तुम्ही नाशिकला बसून ते अनुभवत असालच.

तर इशिझाका. तेव्हा बहुतेकांना वाटत होतं रिएजिन म्हणजे आयजीए, ही आणखी एक ओळखीची अँटिबॉडी. या दोघांनी तेच तपासायला घेतलं आणि तपासता तपासता लक्षात आलं की आयजीए काढून टाकला तरी सीरमची खाज आणायची ताकद जात नाही. मग त्यांनी रॅगवीड नावाच्या अमेरिकन तणाच्या परागांची जबर ॲलर्जी असलेल्या पेशंटांचं सीरम घेतलं, त्यातला रिएजिन जास्त असलेला भाग गाळून गाळून काढला आणि तो सशाला टोचला. सशाच्या शरीराने त्या सगळ्या मानवी प्रथिनांविरुद्ध अँटिबॉडी बनवल्या. त्यातल्या आयजीजी, आयजीए वगैरे माहितीतल्या प्रकारांना चिकटणाऱ्या अँटिबॉडी त्यांनी काढून टाकल्या. मागे जे उरलं ते फक्त एका अनोळखी गोष्टीलाच चिकटत होतं. आणि ते पेशंटच्या सीरममध्ये मिसळून तयार झालेला साका बाजूला काढला की सीरम निकामी, टोचलं तरी गांध नाही. म्हणजे चोर सापडला.

आता गांध उठते की नाही हे बघणार कुठे? मशीन नव्हतं, माणसाची कातडी हेच मीटर. म्हणून पाठ. पाठीवर जागा भरपूर असते, तिथे ओळीने थोडं थोडं सीरम वेगवेगळ्या प्रमाणात पातळ करून टोचायचं, दुसऱ्या दिवशी त्याच ठिपक्यांवर रॅगवीडचा अर्क टोचायचा, आणि कुठल्या ठिपक्याला केवढी गांध आली ते मोजपट्टीने मिलिमीटरमध्ये मोजायचं. इतरांच्या पाठीबरोबर दोघांनी आपापल्या पाठीपण यात दिल्या. आज असला प्रयोग कुठलीही एथिक्स कमिटी दारात उभा करणार नाही, आणि बरोबरच आहे, कारण दुसऱ्याचं सीरम टोचलं की कावीळ लागायची भीती असते, पुढे ही टेस्ट त्याच कारणाने बंद पडली. पण १९६६ मध्ये त्यांचा पेपर आला तो या पाठींच्या जोरावर.

तिकडे स्वीडनमध्ये उप्साला इथे योहान्सन आणि बेनिश या दोघांना एका मायलोमाच्या (हा रक्ताचा एक कॅन्सर) पेशंटच्या रक्तात कुठल्याच ओळखीच्या प्रकारात न बसणारी अँटिबॉडी ढिगाने सापडलेली. दोन्ही टीमनी आपापला माल एकमेकांना पाठवून ताडून बघितला, एकच निघाला, आणि १९६८ मध्ये लोझानला जागतिक आरोग्य संघटनेच्या बैठकीत आयजीई हे नाव पक्कं झालं. मला ही गोष्ट फार आवडते, कारण इशिझाकांकडे पदार्थ चिमूटभर होता पण तो काय करतो हे माहीत होतं, आणि स्वीडनवाल्यांकडे भरपूर माल होता, दोन्ही जुळल्यावर चित्र पुरं झालं.

आता तुमच्या ६४० कडे येऊ. पुढची खरी गंमत तेरुकोबाईंच्या कामात आहे. त्यांनी दाखवलं की आयजीई रक्तात नुसता फिरत नाही तर जाऊन बेसोफिल आणि मास्ट या पेशींवर बसतो. मास्ट पेशी रक्तात फिरत नसतात, त्या कातडीखाली, नाकाच्या आणि श्वासनलिकेच्या अस्तरात ठाण मांडून असतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली डाळिंबासारख्या दाण्यांनी गच्च भरलेल्या दिसतात. त्या दाण्यांत हिस्टामीन असतं. पेशीवर बसलेल्या शेजारशेजारच्या दोन आयजीईंना परागाचा किंवा धुळीतल्या किड्याच्या प्रथिनाचा एकच कण एकाच वेळी चिकटला, दोघांना जोडून टाकलं, की पेशी दाणे बाहेर ओकते आणि मिनिटांत शिंका सुरू. एकट्या आयजीईला चिकटून काही होत नाही, जोडी जमावी लागते.

आणि लॅबवाले मोजतात काय, तर रक्तात तरंगणारा आयजीई. तो तिथे दोन-एक दिवस टिकतो. पेशीवर बसलेला मात्र आठवडेच्या आठवडे बसून राहतो, त्याचा पत्ता रिपोर्टला लागत नाही. म्हणून टोटल आयजीई ८० असलेला माणूस शिंकून शिंकून हैराण असतो आणि ६४० वाला दुसरा कुणी मजेत फिरत असतो. त्यात आपल्याकडे जंत झाले तरी आयजीई वाढतो, एक्झिमा असला तरी वाढतो, सिगरेट ओढणाऱ्यांमध्ये पण थोडा जास्त असतो. शिवाय पोरांचा नॉर्मल आकडा वयाप्रमाणे बदलतो आणि बऱ्याच लॅब सरसकट मोठ्या माणसांचा १०० छापून ठळक अक्षरात ‘हाय’ लिहून मोकळ्या होतात, आई बिचारी रात्रभर जागी.

डॉक्टरांना विचारा की स्किन प्रिक टेस्ट करता येईल का. हातावर ॲलर्जनचे, म्हणजे ॲलर्जी करू शकणाऱ्या गोष्टींच्या अर्काचे थेंब, वर बारीक टोचणी, पंधरा-वीस मिनिटांत कशाची गांध उठते ते दिसतं, तीन मिलिमीटर किंवा जास्त असेल तर धरायची. ही त्या पाठीवरच्या प्रयोगाचीच नात आहे म्हणा, फक्त दुसऱ्या कुणाचं सीरम नाही. आधी काही दिवस सेट्रिझिनसारख्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात नाहीतर काहीच उठत नाही, किती दिवस ते तेच सांगतील. आणि टेस्ट होईपर्यंत त्याच्या गादीकडे बघा. घरातल्या धुळीतले किडे म्हणजे माइट्स डोळ्यांना दिसत नाहीत, चावत नाहीत, पण त्यांच्या विष्ठेतली प्रथिनं श्वासातून जातात, आणि त्यांना आवडते ती दमट, उबदार जागा म्हणजे कापसाची जुनी गादी आणि उशी. चादर-अभ्रे आठवड्याला कडकडीत पाण्यात, ५५-६० डिग्रीला धुवा, गादी खणखणीत उन्हात टाका आणि ती झोडपताना पोराला शेजारी उभं करू नका. थंडी पडली की कपाटातून काढलेली वर्षभराची गोधडी आणि त्याच दिवसांतली घरघर यांचं काही जुळतंय का, तेवढं पण बघून ठेवा.

प्रश्न – मला सेट्रिझिन घेतली की शिंका आणि खाज दहा मिनिटं पण टिकत नाही पण दम लागतो त्याला ती ढिम्म उपयोगी पडत नाही असं का? दोन्ही ॲलर्जीच ना? – बँक कर्मचारी, सोलापूर

उत्तर – दोन्ही ॲलर्जीच, पण मास्ट पेशी एकट्या हिस्टामीनवर थांबत नाही. दाणे ओकल्यावर ती ताबडतोब ल्युकोट्राइन नावाचे पदार्थ ताजे बनवायला घेते, आणि श्वासनलिका आवळून धरायच्या कामात हिस्टामीन त्यांच्यापुढे कच्चं लिंबू. फार पूर्वी प्रयोगात दिसायचं की ॲलर्जीच्या झटक्यात असा काहीतरी पदार्थ सुटतो जो स्नायू हळूहळू आवळतो आणि लवकर सोडत नाही, पण तो काय आहे ते कळायला १९७९ उजाडलं, स्वीडनच्या सामुएल्सन यांच्या लॅबमध्ये, पुढे १९८२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. काही गोळ्यांच्या पाकिटावर माँटेलुकास्ट असं लिहिलेलं असतं ना, ते या ल्युकोट्राइनला अडवतं. मात्र ते सहज म्हणून वर्षभर खायचं औषध नाही, अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०२० मध्ये त्यावर सगळ्यात कडक इशारा टाकलाय, झोप बिघडणं, चिडचिड, उदासी, आत्महत्येचे विचार यासाठी. आपल्याकडे ते सेट्रिझिनच्या भावंडाबरोबर जोडगोळीत सर्दीलासुद्धा सर्रास मिळतं हे मला काही पटत नाही.

आणि दुसरं कारण, वेळ. पहिला झटका ओसरला की चार ते आठ तासांनी दुसरी फेरी येते. तोवर इंटरल्युकिन-५ सारख्या, पेशी एकमेकींना रसायनांतून धाडतात त्या निरोपांवरून इओसिनोफिल नावाच्या पेशी रक्तातून श्वासनलिकेत गोळा झालेल्या असतात, अस्तराला सूज, आत चिकट कफ. संध्याकाळी गोडाऊनमध्ये धूळ खाल्ली आणि रात्री दोनला छाती भरून आली असा अनुभव असेल तर तो हाच. या फेरीत सेट्रिझिनचं काही चालत नाही, तिथे इनहेलरमधलं स्टेरॉइड लागतं.

आणि हा निरोप द्यायला नेहमी आयजीईच लागतो असंही नाही. लिम्फोसाइट्समधल्या टीएच-२ पेशी हे काम करतात हे १९८० च्या दशकापासून माहीत होतं, पण २०१० मध्ये जपान, इंग्लंड आणि अमेरिकेतल्या वेगवेगळ्या टीमना जवळपास एकदमच आणखी एक जात सापडली, आता तिला आयएलसी-२ म्हणतात. या पेशींना कुठलाही ॲलर्जन ओळखता येत नाही. धूर, व्हायरस, प्रदूषण यांनी श्वासनलिकेच्या अस्तराला इजा झाली की ते अस्तर ओरडतं आणि त्या ओरडण्यावर या पेशी इंटरल्युकिन-५ आणि १३ सोडायला लागतात. ज्यांच्या सगळ्या ॲलर्जी टेस्ट कोऱ्या येतात आणि तरी दमा आहे, इओसिनोफिल वाढलेत, त्यांचं कोडं यातून बरंचसं सुटायला लागलंय.

प्रश्न – आम्ही सहा वर्षांपूर्वी न्यू जर्सीला आलो, पुण्यात असताना मला कसलीच ॲलर्जी नव्हती, इथे पहिली दोन वर्षं पण काही नाही, आता मात्र ऑगस्ट संपत आला की डोळे लाल, नाक गळतंय, थंडीचा पहिला तडाखा येईपर्यंत असंच. इथले डॉक्टर म्हणाले रॅगवीड. आई पुण्याहून म्हणते तिकडच्या हवेची सवय नाही म्हणून. सवय तर झाली पाहिजे ना आत्तापर्यंत? – आयटीवाली, न्यू जर्सी

उत्तर – झाली ना, सवय झाली म्हणूनच त्रास होतोय. आयजीई आईच्या पोटातून तयार घेऊन आपण येत नाही, आधी त्या परागाशी शरीराची भेट व्हावी लागते, मग टीएच-२ पेशींनी बी पेशींना, म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींना, आयजीई बनवायला लावायचं, मग तो जाऊन मास्ट पेशींवर बसायचा. याला एक-दोन-तीन सीझन जातात. परदेशात गेलेल्या लोकांना तिसऱ्या-चौथ्या वर्षी नाक गळायला लागतं ते त्यामुळे. आणि तुम्हाला गाठलंय ते इशिझाकांच्याच तणाने, वर सांगितलेला सगळा शोध याच रॅगवीडच्या परागांवर झालाय.

आता पुण्याचा संबंध सांगते. आपलं गाजर गवत, काँग्रेस गवत म्हणतो ते, हे रॅगवीडच्याच कुळातलं, सूर्यफुलाच्या. भारतात त्याची तण म्हणून नोंद १९५० च्या दशकात पुण्यातूनच झाली, अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर आलं असं सगळे सांगतात. या दोघांच्या परागांतली प्रथिनं इतकी मिळतीजुळती आहेत की एकावर बनलेला आयजीई दुसऱ्यालाही चिकटू शकतो, हे प्रयोगात दाखवलेलं आहे. त्यामुळे पुण्यात रिकाम्या प्लॉटमधल्या गाजर गवताने तुमची अर्धी तयारी आधीच करून ठेवली असेल तर मला नवल वाटणार नाही. दिवाळीत पुण्याला आलात आणि इथेही नाक गळायला लागलं तर जेट लॅग समजून सोडून देऊ नका.

पण गाजर गवताचा जो त्रास शेतकऱ्यांना होतो, तोंड, मान, हाताची कातडी जाड काळी पडून खाजते, तो आयजीईचा नव्हे. तिथे टी पेशी थेट काम करतात, पार्थेनिन नावाच्या रसायनावर, दोन-तीन दिवसांनी. त्याला प्रिक टेस्ट करून काहीच कळत नाही, पाठीवर पॅच चिकटवून दोन दिवसांनी बघावं लागतं. गवत एकच, पण नाकात वेगळी फौज आणि कातडीवर वेगळी.

प्रश्न – वडील ५८ वर्षांचे, दमा नव्हता, चार महिने झाले रात्री कोरडा खोकला, घरघर, वजन उतरलंय. आयजीई ६,२०० आणि इओसिनोफिल पण खूप वाढलेत. तुम्ही गेल्या अंकात लिहिलंत आकड्याला घाबरू नका. – चंद्रपूर

उत्तर – इथे मात्र थांबू नका, या आठवड्यात छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. हजारांतला आयजीई, त्यात इओसिनोफिल, त्यात वजन उतरलेलं, ही साधी ॲलर्जी धरून सेट्रिझिन देत बसायची केस नाही. दोन गोष्टी त्यांना आठवणीने विचारा. एक, तुमचा भाग हत्तीरोगाचा आहे, आणि फायलेरियाच्या अळ्यांवर शरीर फुफ्फुसात जोरदार भडकतं तेव्हा नेमका असाच रात्रीचा खोकला आणि असेच आकडे दिसतात, पायाला सूज नसतानाही. डीईसी नावाच्या साध्या, स्वस्त गोळ्यांनी उतरतं, पण ओळखलं तर, नाहीतर माणूस दमा म्हणून वर्षानुवर्षं पंप ओढत राहतो. दुसरी, ॲस्परजिलस ही बुरशी, ती दमेकऱ्यांच्या श्वासनलिकेत ठाण मांडते तेव्हाही आयजीई असाच चढतो, त्याची वेगळी ब्लड टेस्ट आणि सीटी स्कॅन असतो. आपल्या देशात या दोन्ही गोष्टी दुर्मिळ नाहीत. आणि टीबी पण वगळून घेतीलच ते. मुलाचा ६४० आणि तुमच्या वडिलांचा ६,२०० ही दोन वेगळी प्रकरणं आहेत, गेल्या वेळी मी घाबरू नका म्हटलं ते पहिल्या प्रकारासाठी.

प्रश्न – इनहेलरची सवय लागते असं सगळे म्हणतात, खरं काय? – कराड

उत्तर – नाही लागत. आतलं स्टेरॉइड मायक्रोग्रॅममध्ये असतं आणि जिथे सूज आहे तिथेच पडतं, गोळी घेतली तर मिलिग्रॅममध्ये आणि सगळ्या अंगात जाते. सवय वाटते कारण दमा पुन्हा येतो, तो दम्याचा स्वभाव आहे. खरी काळजी उलटीच आहे, लोक फक्त लगेच मोकळं करणारा निळा पंप ओढतात आणि सूज कमी करणारा बंद ठेवतात. दम्यावरच्या जागतिक गाइडलाइनने २०१९ पासून स्पष्ट सांगितलंय की मोठ्यांनी आणि बारा वर्षांपुढच्या मुलांनी नुसत्या तसल्या पंपावर राहू नये. पफ घेतल्यावर चूळ भरा, स्पेसर म्हणजे पंपाला जोडायची नळी वापरा, एवढं पुष्कळ.

प्रश्न – ॲलर्जीसाठी इम्युनिटी वाढवणारा कोणता काढा घ्यावा? – ठाणे

उत्तर – कशाला वाढवताय, वाढलीय म्हणूनच तर शिंकताय. सुंठ-तुळशीचा काढा घशाला बरा वाटतो म्हणून खुशाल घ्या, मीही घेते. इम्युनिटीच्या नावाने हजार रुपयांची बाटली नको.

प्रश्न – इशिझाकांना नोबेल का नाही मिळालं? – बीएस्सीची विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर – नाही मिळालं खरं. १९१३ मध्ये रिशे यांना ॲनाफिलॅक्सिससाठी, म्हणजे ॲलर्जीच्या जिवावर बेतणाऱ्या झटक्यावरच्या कामासाठी मिळालं, अँटिहिस्टामीनसाठी बोव्हे यांना १९५७ मध्ये मिळालं, ल्युकोट्राइनचं वर सांगितलंच, आणि मधला जो मुख्य दुवा त्यालाच नाही. समितीच्या मनात काय होतं ते मी कशाला सांगू, पण एक कारण मला उघड दिसतं की दावेदार दोन इशिझाका आणि दोन स्वीडिश, असे चार होते आणि नोबेल तिघांपलीकडे वाटत नाहीत. कॅनडाचा गेर्डनर पुरस्कार १९७३ मध्ये नवरा-बायको दोघांना मिळाला. २००० सालचा जपान प्राइज मात्र किमिशिगे यांच्या एकट्याच्या नावावर आहे, आणि ते मला खुपतं. पाठ दोघांची, पेपरवर नावं दोघांची, मास्ट पेशींचं बरंचसं काम तर तेरुकोंचंच. डेन्व्हरनंतर १९७० पासून ते जॉन्स हॉपकिन्सला होते, मग कॅलिफोर्नियात ला होयाला नव्या ॲलर्जी संस्थेत, आणि म्हातारपणी जपानला परतले. किमिशिगे २०१८ मध्ये गेले, तेरुको त्यानंतर वर्षाच्या आत. तू इम्युनॉलॉजीत पुढे जाणार असशील तर त्यांचा १९६६ चा पेपर एकदा मिळवून वाच, त्यात पाठीवरच्या गांधींचे आकडे तक्त्यात कसे मांडलेत ते बघ, एकही शब्द फुलवून लिहिलेला नाही.

प्रश्न – बायकोचा दमा कशानेच आटोक्यात येत नव्हता म्हणून डॉक्टरांनी आयजीईवरचं इंजेक्शन सुरू केलं, ओमालिझुमॅब. खूप महाग आहे. चार महिन्यांनी तिला बरं वाटतंय पण मी आपणहून आयजीई करून घेतला तर आधी ३८० होता तो १,१०० झालाय. इंजेक्शन उलटं पडलं का? – औरंगाबाद, म्हणजे आता छत्रपती संभाजीनगर

उत्तर – उलटं नाही पडलं, लागू पडलंय. हे इंजेक्शन म्हणजे आयजीईला पकडणारी अँटिबॉडी, अमेरिकेत २००३ मध्ये मान्यता मिळाली. आयजीई ज्या टोकाने मास्ट पेशीवर बसतो तेच टोक ते झाकून टाकतं, म्हणजे तो पेशीवर बसूच शकत नाही आणि आधीच बसलेल्याला धक्का लागत नसल्याने दाणे पण सुटत नाहीत. पण असा पकडलेला आयजीई रक्तातून लवकर निघून जात नाही, जोडीने फिरत राहतो, आणि लॅबचं मशीन मोकळा आणि पकडलेला असा भेद करत नाही, दोन्ही मोजून मोकळं होतं. म्हणून उपचार चालू असताना टोटल आयजीई वाढलेलाच दिसतो. सुरू करायच्या आधीचा ३८० कामाचा होता, कारण डोस आयजीई आणि वजन या दोन्हींवरून ठरतो. आत्ताच्या १,१०० वरून डोस बदलायचा नसतो, आणि इंजेक्शन बंद केल्यावरही वर्षभर तरी या टेस्टवर भरवसा ठेवू नका. बायको रात्री किती वेळा उठते, जिना चढताना थांबते का, निळा पंप आठवड्यात किती वेळा लागतो, हे लिहून ठेवा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना तो कागद दाखवा. टेस्टचे पैसे वाचले तर पुढच्या इंजेक्शनला लागतीलच.